हसवणारा वायू, रडवणारे पाय

दिवाळीच्या फराळात कडू कारल्याची फोड कोण वाढील? पण यंदा टपालात आलेल्या एका पत्राने माझा नाइलाज केला आहे. पुण्याच्या एक भगिनी लिहितात, "मुलगा लंडनला शिकतो. तिकडे पार्टीत फुग्यातून हसवणारा वायू ओढतात म्हणे. हल्ली त्याच्या पायांना मुंग्या येतात. दात काढताना डॉक्टर देतात तोच ना हा वायू? मग भिण्याचे कारण काय?"

ताई, वायू तोच, नायट्रस ऑक्साइड. १७९९ साली ब्रिस्टलला हंफ्री डेव्हीने तो स्वतः हुंगून पाहिला आणि त्याची गंमत जगाला सांगितली. १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने तो घेऊन स्वतःची दाढ उपटून घेतली. वेदनेवर उतारा म्हणून त्याचे उपकार मोठे आहेत. पण दवाखान्यात तो प्राणवायूबरोबर, थोडा वेळ आणि जाणत्याच्या नजरेखाली देतात. पार्टीत तो निर्भेळ ओढतात, आणि एकावर थांबतो कोण? त्यात प्राणवायू न मिळून जागच्या जागी जीव गेल्याचीही उदाहरणे आहेत.

मुंग्यांचे कारण मात्र निराळे. ब-१२ जीवनसत्त्वाच्या गाभ्यात कोबाल्ट धातूचा एक कण असतो. हा वायू नेमका त्या कणालाच निकामी करतो. म्हणजे घरात पणती आहे, तेलही आहे, पण वात भिजलेली! विजेच्या तारेवर रबर असते तसे मज्जातंतूंवर एक वेष्टन असते. ते धड राखायला ब-१२ लागते. ते निकामी झाले की वेष्टन झिजते. आधी पायांना मुंग्या, मग बधिरपणा. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. मान वाकवली की पाठीतून झटका उतरतो. पुढे चालणेच अवघड होते.

आपल्या शाकाहारी घरांनी तर अधिकच जपावे. ब-१२ निसर्गतः मिळते ते प्राणिज अन्नातूनच. आपली भिस्त दूधदुभत्यावर. मुळात शिल्लक थोडी, त्यात हा खर्च!

आता दिलाशाची गोष्ट. वेळीच ओळखले तर बहुतेकांचे पाय सुधारतात. पहिला उपचार म्हणजे वायू साफ बंद. तो चालू ठेवून इंजेक्शने घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची इंजेक्शने, सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड, आणि जोडीला चालण्याचा व्यायाम. सुधारणा आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसते. उशीर झाला तर थोडा बधिरपणा, थोडा लटपटेपणा जन्माचा सोबती होतो. स्वतःच्या मनाने नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेऊ नयेत. ब-१२ च्या आधी त्या घेतल्या तर दुखणे बळावू शकते.

आणखी एक मेख आहे. रक्तात ब-१२ मोजले तर आकडा पुष्कळदा ठीक येतो, कारण ते असते. काम करीत नाही एवढेच. मग घरचे म्हणतात, "रिपोर्ट चांगला आहे, उगाच बाऊ करू नकोस." खरा पत्ता होमोसिस्टीन आणि मेथिलमॅलोनिक अॅसिड या तपासण्यांत लागतो. पण वायूचे नावच कोणी काढले नाही, तर डॉक्टरांना त्या सुचाव्यात कशा?

नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून आणि ब्रिटनने ८ नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी हा वायू बाळगणे गुन्हा ठरवले. कायद्याच्या आणि त्याहून आईवडिलांच्या भीतीने मुले गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात जे आठवडे जातात, ते पायांना महागात पडतात. म्हणून आईबापांनो, फोनवर रागवायचे ते मागाहून रागवा. आधी एवढेच सांगा: "उद्याच डॉक्टरकडे जा, आणि काय घेतलेस, किती घेतलेस, ते खरे खरे सांग."