राजीनामा आधी की व्हिसा आधी?

फेब्रुवारी संपत आला की दुबईतल्या भारतीय शाळांच्या शिक्षककक्षात दोन गोष्टींची कुजबुज सुरू होते. एक वार्षिक परीक्षेच्या पेपरांची आणि दुसरी, यंदा कोण शाळा सोडणार याची. या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. त्यामुळे नोकरी बदलायची तर हीच वेळ सोयीची.

समजा, नाशिकची एक गणिताची शिक्षिका तिथे सहा वर्षे शिकवते आहे. पतीची नोकरी गेल्यापासून घर तिच्या पगारावर चालते. पतीचा आणि दोन्ही मुलांचा निवासी व्हिसाही तिच्याच आधारावर आहे. अशातच दुबईतल्याच एका ब्रिटिश पद्धतीच्या शाळेचे पत्र येते. पगार दीडपट! रात्री मुले झोपल्यावर ती आनंदाने म्हणते, "अहो, उद्याच राजीनामा देऊन टाकते."

पती क्षणभर गप्प राहतो. मग हळूच म्हणतो, "दे ना. पण अगं, आपण चौघं इथे राहतो ते कुठल्या कागदावर?"

खरा प्रश्न हाच आहे. नाशिकमध्ये शाळा सोडली तर पगार थांबतो. घर, रेशनकार्ड आणि मुलांची शाळा जागच्या जागी राहतात. परदेशात मात्र नोकरी आणि राहण्याचा परवाना एकाच दोरीने बांधलेले असतात. नोकरी संपली की व्हिसा रद्द होतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत नवा व्हिसा मिळवायचा, नाही तर देश सोडायचा. ही मुदत प्रत्येकाला सारखी नसते, म्हणून व्हिसा रद्द झाल्याच्या कागदावरची तारीख नीट पाहावी. मुदत उलटली तर दर दिवशी माणशी ५० दिरहम दंड पडतो. चौघांचे रोजचे २०० दिरहम!

कायदा काय म्हणतो?

एके काळी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय तिथे नोकरी बदलणे फार अवघड होते. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २ फेब्रुवारी २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीत नवा कामगार कायदा लागू झाला. त्यानुसार कायम झालेल्या शिक्षिकेला करारात लिहिल्याप्रमाणे ३० ते ९० दिवसांची पूर्वसूचना देऊन नोकरी सोडता येते. परिविक्षेचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्या काळात त्याच देशातल्या दुसऱ्या नोकरीवर जायचे असेल, तर एक महिना आधी लेखी कळवावे लागते. तिला आणण्यासाठी झालेला खर्च नव्या मालकाने जुन्याला भरून द्यायचा असतो. हा खर्च शिक्षिकेकडून वसूल करता येत नाही. तिचा पासपोर्ट अडकवून ठेवणेही बेकायदेशीर आहे.

नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सर्व हिशेब चुकता झाला पाहिजे. त्यात सेवा-समाप्तीची रक्कमही येते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा मूळ पगार, असा तिचा हिशेब आहे. सहा वर्षांचे होतात १३५ दिवस, म्हणजे साडेचार महिन्यांचा मूळ पगार.

मार्च ते ऑगस्ट

आता या शिक्षिकेची अडचण पाहा. भारतीय शाळेचे वर्ष मार्चमध्ये संपते, पण ब्रिटिश पद्धतीच्या शाळेचे वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. मधल्या पाच महिन्यांत ना पगार, ना नोकरीचा व्हिसा. गेलेले पाच पगार भरून निघायला दीडपट पगाराच्या नोकरीतही दहा महिने जातील. सेवा-समाप्तीची रक्कम म्हातारपणासाठी ठेवायची, तर ती घरभाड्यात जाईल.

मग उन्हाळी सुट्टीपर्यंत जुन्याच शाळेत राहिले तर? इथे दुसरी गाठ बसते. दुबईच्या शिक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये काढलेल्या नियमांनुसार वर्षाच्या मध्येच शाळा सोडणाऱ्या शिक्षकाला तिथल्या दुसऱ्या खासगी शाळेत रुजू होण्याआधी ९० दिवस थांबावे लागते. जूनअखेर सोडले तर सप्टेंबरची अखेर येते. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू करणारी शाळा तोवर थांबेल का?

म्हणून राजीनाम्याआधी नव्या शाळेकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. रुजू होण्याची नेमकी तारीख कोणती आणि व्हिसाचे काम शाळा केव्हा हाती घेणार. दुबईत शिक्षकाच्या नेमणुकीला प्राधिकरणाची मान्यता लागते. ती मिळायच्या आत जुना व्हिसा रद्द करून घेणे म्हणजे होडी सोडून मग काठ शोधण्यासारखे आहे.

नावाचा घोळ

मराठी स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण हमखास उभी राहते. पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. लग्नात पहिले नावही बदलले असेल तर बघायलाच नको! पदवी साक्षांकित करून घेताना राज्य शासन, मग दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय आणि नंतर त्या देशाची वकिलात, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. दोन नावे एकाच स्त्रीची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद हाताशी हवी. ही कामे दुबईत बसून करणे कठीण जाते. सुट्टीत गावी आल्यावरच ती उरकून घेणे शहाणपणाचे.

पतीला नोकरी असेल, तर दुसरा एक मार्ग आहे. शिक्षिकेने पतीच्या आधारावर निवासी व्हिसा घ्यायचा आणि शाळेकडून फक्त कामाचा परवाना. मग शाळा बदलली तरी घराचा व्हिसा हलत नाही. मात्र तेव्हा सगळा भार पतीच्या नोकरीवर येतो, हेही ध्यानात ठेवावे.

इतर देशांतही थोड्याफार फरकाने हेच आहे. ब्रिटनमध्ये नव्या शाळेचे पुरस्कर्तेपणाचे प्रमाणपत्र घेऊन व्हिसासाठी नव्याने अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत नवी नोकरी सुरू करता येत नाही. देश कोणताही असो, क्रम एकच. आधी नवा कागद, मग जुन्याचा निरोप.

जुनी शाळा पगार किंवा पासपोर्ट अडवत असेल, तर निमूट सोसू नये आणि न सांगता गैरहजरही राहू नये. सलग सात दिवसांहून जास्त गैरहजेरीची तक्रार मालकाने केली, तर शिक्षिकेचीच बाजू लंगडी पडते. तिथल्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार नोंदवता येते. भारतीय वकिलातीच्या मदत केंद्राचाही आधार मिळतो.

त्या रात्री नाशिकची ती शिक्षिका राजीनामा लिहीत नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून दोघे टेबलाशी बसतात. पूर्वसूचनेची तारीख, व्हिसाची तारीख, मुलांच्या फीची, घरभाड्याच्या धनादेशाची, एकेक तारखेभोवती पती लाल पेनाने गोल काढतो. मधले पाच महिने डोळ्यांत भरतात. दीडपट पगाराचा मोह तरीही सुटत नाही, आणि का सुटावा? सहा वर्षे तिने इमानाने शिकवले आहे.

सकाळी शाळेला निघण्यापूर्वी ती नव्या शाळेला पत्र लिहायला बसते. त्यात प्रश्न दोनच असतात. त्यांची उत्तरे येईपर्यंत मुख्याध्यापकांच्या खोलीचे दार वाजवायचे नाही, असे तिचे ठरले आहे.