पोरगं वर्गात आहे, पण 'सिस्टिम'मध्ये नाही! आधारच्या एका चुकीनं शिक्षकाचं पद कसं अडकतं?

समजा, परभणी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत 61 मुलं आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक आणि 61व्या मुलापासून 3. आता यातल्या एकाच मुलाचं आधार ऑनलाईन नोंदीशी जुळलं नाही, तर? मूल रोज बाकावर बसतं, पण तिसऱ्या शिक्षकाचा हिशेब बिघडतो.

हे 'सरल' काय आहे?

राज्यानं 2015 मध्ये 'सरल' प्रणाली आणली. शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची माहिती त्यात ऑनलाईन भरली जाते. देशपातळीवर असंच काम 'यू-डायस प्लस' करतं. याच नोंदींवर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, हे ठरतं.

मग आधार कशासाठी?

कारण जुनं आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली आणि लाखो विद्यार्थी फक्त कागदावर असल्याचं उघड झालं. खोटा पट रोखायला आधार-वैध विद्यार्थीच मोजायचं धोरण पुढे आलं. हेतू चुकीचा नव्हता.

घोडं कुठे अडतं?

नाव, जन्मतारीख आणि लिंग दोन्हीकडे तंतोतंत जुळावं लागतं. 'ज्ञानेश्वर' हे नाव इंग्रजीत कुणी 'डी'नं सुरू करतं, कुणी 'जी'नं. शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी. मूल एकच, पण मशीनला दोन वाटतात.

दुरुस्तीसाठी आधार केंद्र गाठायचं, म्हणजे पालकांचा एक दिवसाचा रोज बुडतो. त्यात गंगाखेड, पालम, जिंतूर भागातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पट मोजला जातो 30 सप्टेंबरचा. तोवर दुरुस्ती झाली नाही, तर मूल थेट फडावर आणि नोंद तशीच.

पालकांनी काय करावं?

- शाळेतली नोंद आणि आधार एकदा शेजारी ठेवून तपासा.
- वयाच्या 5 आणि 15 व्या वर्षी बोटांचे ठसे अपडेट करा.
- स्थलांतर करताना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या.
- आधार नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्येच हे स्पष्ट केलंय.

प्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही, पण शिक्षक मिळण्यासाठी मोजलं जातं. खोटी मुलं गाळणाऱ्या या चाळणीतून खरी मुलंही गळतायत आणि त्याची किंमत अख्खा वर्ग मोजतो. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांनी वर्गात जाऊन केलेली प्रत्यक्ष मोजणीही ग्राह्य धरली, तर ही गळती थांबू शकते.