जन्मठेप म्हणजे किती वर्षें?

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई भेटावयास आल्या होत्या. त्यांच्या पुतण्यास खुनाच्या गुन्ह्याबद्दल जन्मठेप झालेली आहे. "येत्या दिवाळीस चौदा वर्षें पुरीं होतात, मग घरीं येईल ना?" असें त्यांनीं विचारलें. घरच्या मंडळींनीं त्यांस प्रथमपासून तसेंच सांगितलें होतें. हा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतही रूढ असल्यामुळें आज या एका शब्दाचाच विचार करूं.

१८६० च्या दंडसंहितेंत 'जन्मठेप काळें पाणी' ही शिक्षा होती. १ जानेवारी १९५६ पासून तिच्या जागीं आजीव कारावास आला. लोकांच्या तोंडीं 'जन्मठेप' हा शब्द मात्र कायम राहिला. गोपाळ विनायक गोडसे यांच्या अर्जावर १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ही शिक्षा उरलेल्या सर्व आयुष्याची आहे. सरकारनें सूट दिल्यावांचून कैद्यास सुटकेचा हक्क प्राप्त होत नाहीं.

मग हे आंकडे आले कोठून? शिक्षेचा अंश काढावयाचा असल्यास जन्मठेप वीस वर्षांची धरावी, असें कायदा सांगतो. तो केवळ हिशेबापुरता. चौदाचा नियम १९७८ सालचा आहे. ज्या अपराधास देहांताचीही शिक्षा सांगितली आहे, त्याबद्दल जन्मठेप झालेल्या कैद्यास चौदा वर्षें तुरुंगांत काढल्यावांचून सोडूं नये, असें त्यानें सरकारास बजाविलें. १ जुलै २०२४ रोजीं अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतही तो कलम ४७५ म्हणून कायम आहे. राष्ट्रपति व राज्यपाल यांचा घटनेनें दिलेला माफीचा अधिकार निराळा. म्हणजे चौदा वर्षें ही सरकारच्या हातास घातलेली मर्यादा आहे. कैद्यास दिलेलें वचन नव्हे.

आम्ही बाईंस हें सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, "अर्ज कोणीं करावयाचा?" कैद्यानें तुरुंगाधिकाऱ्यामार्फत करावा, त्याच्या वतीनें दुसऱ्यानेंही करतां येतो, मात्र कैदी तुरुंगांत असल्याचें त्यांत नमूद करावें लागतें. सूट द्यावी कीं नाहीं, हें सरकार ठरवितें.

दुःखितांचें सांत्वन करावें. परंतु त्यासाठीं खोटी मुदत सांगूं नये, अशी आमची वाचकांस विनंति आहे. ही मुदत बाईंनीं चौदा वर्षें मोजली, आणि तोंवर अर्जाचा विचार कोणाच्याच मनांत आला नव्हता.