कारीचे बापलेक

२७ फेब्रुवारी २०१९ हा दिवस तुमच्या आई-बाबांना नक्की आठवत असेल. त्या दिवशी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचं मिग-२१ विमान पाकव्याप्त काश्मीरमध्ये पडलं आणि ते शत्रूच्या हाती सापडले. त्यांचे वडीलही लढाऊ वैमानिक! मुलाच्या कामातला धोका त्यांना पुरेपूर ठाऊक होता. असंच लढवय्या बापलेकांचं एक घर साडेतीनशे वर्षांपूर्वी भोरजवळच्या कारी गावात होतं. जेध्यांचं घर.

कान्होजी नाईक जेधे हे शहाजीराजांचे जिवाभावाचे साथीदार. १६४८ मध्ये आदिलशहाने राजांना कैद केलं, तेव्हा कान्होजीही कैदेत पडले. त्याच सुमारास इकडे शिवरायांवर फत्तेखान चालून आला. लढाईत मराठ्यांचं निशाण शत्रूच्या हाती जाणार, तोच कान्होजींचा मुलगा बाजी गर्दीत घुसला आणि त्याने ते वाचवलं. महाराजांनी त्याला ‘सर्जेराव’ हा किताब दिला.

खरी कसोटी पुढेच होती. जून १६५९ मध्ये कान्होजींना आदिलशहाचं फर्मान आलं : अफजलखानाला येऊन मिळा. नाही गेलं तर वतन जाणार. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क, मान आणि घरची भाकरी! शेजारच्या उत्रौलीचे खंडोजी खोपडे तर खानाकडे गेलेसुद्धा.

कान्होजींनी काय केलं? पाचही मुलांना घेऊन त्यांनी थेट राजगड गाठला. फर्मान महाराजांपुढे ठेवलं. महाराजांनी त्यांना पारखून पाहिलं. वतन जाईल, जिवावर बेतेल, तेव्हा तुम्हीही खानाकडे जा, असं सुचवलं. कान्होजींनी ओंजळीत पाणी घेतलं आणि वतनावर सोडलं! शहाजीराजांना दिलेला शब्द त्यांना मोडायचा नव्हता. मग महाराजांनी जेध्यांचा कुटुंबकबिला तळेगावला सुरक्षित जागी हलवला. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाच्या फौजेवर तुटून पडणाऱ्यांत जेधेही होते.

स्वतःचा जीव पणाला लावणं अवघड, पण पोटच्या पोरांना सोबत घेऊन जाणं त्याहून अवघड, नाही का?

आणि बरं का, आपण १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी करतो, त्या तारखेचा एक मोठा पुरावा याच घराण्याने जपून ठेवलेल्या ‘जेधे शकावली’त आहे. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्या शिवजयंतीला कारीच्या जेध्यांचीही आठवण काढाल ना?