बशीतला विजय, पोटातला पराभव

‘ओवा-लवंगेच्या तेलाने जंतू मरतात, मग प्रतिजैविके हवीत कशाला?’ असा सवाल हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. पुरावा प्रयोगशाळेतला असतो: काचेच्या बशीत तेलाच्या थेंबाभोवती साल्मोनेला हा जिवाणू वाढत नाही. हे निरीक्षण खरे आहे. ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल जिवाणूच्या पेशीपटलात शिरते, पटल गळू लागते, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

अन्नात चरबी आणि प्रथिने असतात. तेल चरबीत अडकते, जिवाणू पाण्याच्या अंशात सुरक्षित राहतात. मात्रा कैक पटींनी वाढवली, तर ते अन्न तोंडात घालवत नाही. पोटात गेलेले थायमॉल आतड्यात शोषले जाते आणि यकृत त्याचे रूपांतर करून ते लघवीवाटे घालवते. विषमज्वरात रक्तात भिनलेल्या साल्मोनेलापर्यंत ते मारक मात्रेत पोचत नाही. तिथे प्रतिजैविकच हवे. ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ म्हणावे, तर लवंगतेल प्यायलेल्या लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि ‘तेलांपुढे जिवाणूंचे काही चालत नाही’ हाही भ्रमच. सुडोमोनाससारखे जिवाणू असे रेणू पेशीबाहेर उपसून टाकतात.

मग ही तेले आजीबाईच्या बटव्यातच राहू द्यावीत, असे म्हणणारेही चुकतात. त्यांची नजर रोग्याच्या खाटेवरच खिळलेली असते. प्रतिजैविकांची मोठी उधळपट्टी गोठ्यात आणि खुराड्यात होते. माणसासाठी अखेरचा आधार असलेले कोलिस्टिन कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात मिसळले जाई. जिवाणूंना त्याला दाद न देण्याची क्षमता देणारे, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे 2015 साली जाहीर झाले. भारताने 2019 मध्ये पशुपालनातील कोलिस्टिनवर बंदी घातली. युरोपीय संघाने तर 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणेच थांबवले होते.

तेलांचे खरे क्षेत्र पशुखाद्य हेच. थायमॉल, त्याच्यासारखेच कार्व्हाक्रॉल, दालचिनीतले सिनामाल्डिहाइड आज त्यात वापरली जातात. परिणाम सरसकट सारखे नाहीत. स्वच्छ शेड आणि लसीकरण यांची जागा ती घेणार नाहीत. पण त्यांच्या जोडीने खाद्यात तेल आले आणि प्रतिजैविक तिथून हटले, तर ते औषध माणसासाठी शाबूत राहते. म्हणून या तेलांची परीक्षा बशीत किती जिवाणू मेले यावर नव्हे, तर किती प्रतिजैविक वाचले यावर व्हावी.