रात्री दोन वाजता कोण उठतं?

"आपल्यात वृद्धाश्रम नसतात." गेल्या महिन्यात एका वलीम्यात हे वाक्य पुन्हा कानावर आलं. बोलणारे बुजुर्ग होते, निवृत्त मुख्याध्यापक, माझ्याच पेशातले. आवाजात फख्र होता. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. दोन वर्षांपूर्वी मीही डोलावली असती. त्या दिवशी एवढंच विचारलं, "चाचा, चाचींना आंघोळ कोण घालतं?"

"सून आहे ना!"

आमच्या घरातही होती. सून म्हणजे माझी भाभी. भाईजान मलप्पुरमला गलाईच्या धंद्यात आहेत. आटपाडी-खानापूरच्या वाचकांना गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमच्या दुष्काळी पट्ट्यातून या कामासाठी माणसं पिढ्यान्पिढ्या देशभर गेली, केरळपासून बंगालपर्यंत. गावात नवी घरं उभी राहिली. त्या घरांत आता म्हातारी माणसं आणि सुना उरल्यात.

अम्मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हा भाईजान फोनवर म्हणाले होते, "पुण्यात चांगली ठिकाणं आहेत म्हणे. पैसे लागतील तेवढे देतो." मी फोनवरच तोबा-तोबा केलं. "लोक काय म्हणतील? अम्मीनं आपल्याला याच्यासाठी वाढवलं?" माझं घर अम्मीच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. रोज संध्याकाळी शाळा सुटली की जात होते, अर्धा तास बसून चहा पिऊन परत येत होते. या दोन वर्षांत मी अम्मीजवळ एकही रात्र काढली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण ते वगळलं तर पुढचं लिहायचा मला हक्क राहत नाही.

मागच्या पावसाळ्यात भाभी बादली उचलताना खाली बसली ती उठेना. मिरजेला नेऊन एमआरआय केला, मणक्यात गॅप निघाला. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. अम्मींचं वजन बासष्ट किलो, आणि दिवसरात्र त्यांना कुशीवर वळवणारी हीच एक बाई होती. मग मी आणि भाईजाननं पहिल्यांदा कागद-पेन घेतलं.

आम्ही समजत होतो की घरची सेवा फुकट असते. हिशोब असा निघाला: दिवसाला चार डायपर, पस्तीस रुपयांचा एक, महिन्याचे ४,२००. औषधं २,६००. फिजिओथेरपीवाला महिन्यातून बारा वेळा, ३०० रुपये फेरी, म्हणजे ३,६००. एकूण १०,४००, आणि एवढेच भाईजान पाठवत होते. पण आमच्याकडे बाई ठेवायची तर बारा तासांचे चारशे घेते. दिवसाची एक, रात्रीची एक, महिन्याचे २४,०००. एकूण खर्च झाला ३४,४००. त्यातले २४,००० भाभी दोन वर्षं दर महिन्याला देत होती. तेही तिची शिलाई बंद करून. फॉल-पिको आणि ब्लाऊजमधून तिला सात हजार सुटायचे.

आईबापांना 'उफ' म्हणायचीही मनाई आहे, हे आपली पोरं मकतबमध्ये शिकतात. सूरह बनी इस्राईलमधला तो हुकूम अवलादीला आहे. सासूची खिदमत शरियतनं सुनेवर फर्ज केलेली नाही, केली तर तो तिचा एहसान, हे उलेमाही सांगतात. मग फर्ज कुणाचा होता? भाईजानचा आणि माझा. आम्ही तो एका तिसऱ्या बाईच्या कमरेवर ठेवला आणि वर खानदानाची इज्जत राखली म्हणून फिरलो. वलीम्यातल्या चाचांना माझं हेच सांगणं होतं, पण बिर्याणी आली आणि ते राहून गेलं.

आता दुसऱ्या बाजूचं. भाभीचा एमआरआय झाल्यावर मी दोन ठिकाणं पाहून आले. नावं लिहीत नाही, कारण मुद्दा त्या दोघांपुरता नाही.

पहिलं सांगलीच्या बाजूचं. महिना चौदा हजार, डायपर-औषधं आपली. आवार झाडलेलं, तुळशीवृंदावन, भिंतीवर सुविचार. व्यवस्थापक अदबीनं बोलले. मी काय विचारलं असेल? जेवणात काय असतं, नमाजला जागा आहे का, किब्ल्याची दिशा कुठली. सगळ्याची चांगली उत्तरं मिळाली आणि मी खूश होऊन बाहेर पडले. फाटकाशी एक मावशी ड्यूटी संपवून एसटीची वाट बघत होती. बोलता बोलता तिनं सांगितलं, बेचाळीस माणसं आहेत, त्यातली सोळा अंथरुणावर, आणि रात्री आम्ही दोघी.

मी गणिताची बाई नव्हे, पण एवढं येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, टाचेला, माकडहाडाला जखमा होतात. बेडसोअर. सोळा माणसं, रात्री दहा ते सकाळी सहा चार वेळा, म्हणजे चौसष्ट वेळा वळवणं. एकटीला वळवता येत नाही, दोघी लागतात. ४८० मिनिटांत चौसष्ट वेळा, प्रत्येक खेपेला साडेसात मिनिटं. त्यातच डायपर, पाणी, खोकल्याची उबळ, कुणी पडलं तर तो. मावशींनी लघवीलाही जायचं नाही आणि उरलेल्या सव्वीस जणांनी हाकच मारायची नाही, असं धरलं तर हे जमतं. त्या मावशींना मी दोष देत नाही. चौदा हजारांत तेवढंच येतं, आणि तिथं माणसं ठेवणारे आपण सगळे हे मनातून जाणून असतो.

दुसरं पुण्यातलं. महिना अडतीस हजार, डायपर, औषधं, फिजिओ धरून अठ्ठेचाळीसपर्यंत जातं, शिवाय दोन लाख डिपॉझिट. इथं मी शहाणी होऊन गेले होते. म्हटलं, "काल रात्रीचं ड्यूटी रजिस्टर दाखवा." त्यांनी दाखवलं. अंथरुणावरच्या सहा माणसांमागे रात्री एक जण, शिवाय नर्स. कूस बदलल्याच्या वेळा प्रत्येक खाटेच्या कागदावर लिहिलेल्या, खाली सही. बायकांच्या खोल्यांत रात्री बाईच. एका मुलीनं आपणहून विचारलं, आजी नमाज झोपून पढतात का, कुठल्या बाजूला तोंड लागतं, खाट तशी लावू. जेवण मात्र शुद्ध शाकाहारी. आटपाडीच्या बाईला मटण नाही म्हणजे शिक्षाच, पण अम्मींना आता चावता येत नाही, तो प्रश्न निकालात.

परत येताना मी अठ्ठेचाळीस हजारांना लूट म्हणत होते. घरी आल्यावर तो ३४,४०० चा कागद पुन्हा काढला. त्यात नर्स नव्हती, खोलीभाडं नव्हतं, जेवण नव्हतं. मग पुण्याची लूट कुठे होती? काळजीची तेवढीच किंमत आहे. आजवर ती कुणी मोजली नव्हती, कारण ती बायका देत होत्या. आणि मोजल्यावर दिसतं की ती शिक्षकाच्या पगाराला झेपत नाही, शेतमजुराची तर बातच नाही.

इथं सरकारचं बघा. एकाच सरकारी जगात म्हातारपणाच्या महिन्याचे तीन भाव आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरण मुलांकडून आईबापांना जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाह देववू शकतं. जीएसटीच्या नियमात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम साठीपुढच्या माणसाकडून राहणं-जेवण धरून महिना २५,००० पर्यंत घेत असेल तर कर माफ. म्हणजे पंचवीस हजार हा वाजवी खर्च आहे हे दिल्लीला माहीत आहे. आणि श्रावणबाळ योजनेत निराधार म्हाताऱ्याला आपलं राज्य देतं १,५०० रुपये, तेही २०२३ पासून, त्याआधी हजार होते. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. आमच्या हिशोबात दीड हजारांत अकरा दिवसांचे डायपर येत नाहीत.

त्याच २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम, असं लिहिलंय. पण राज्य सरकार तो स्थापन 'करू शकेल', 'करील' नव्हे. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला हा फरक लगेच दिसतो. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं, दहा हजारांची मर्यादा काढणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, ते मंजूर न होताच विरून गेलं. २०२४ मध्ये महारेरानं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले: लिफ्ट, रॅम्प, दरवाजांची रुंदी. चांगलं आहे. व्हीलचेअर दारातून आत जाईल. ढकलणारं माणूस मात्र आपलं आपण शोधायचं.

काही जण म्हणतील, हे सगळं पाश्चात्यांचं खूळ. तर १२८४ च्या सुमारास काहिरात सुलतान कलावूननं दवाखाना बांधला, वक्फच्या उत्पन्नावर चालणारा, गरीब-श्रीमंत सगळ्यांसाठी. आजारी माणसाच्या सेवेसाठी पगारी हात ठेवणं ही आपलीच जुनी रीत आहे. आपण ती विसरलो आणि मिनाराच्या रंगकामासाठी पावत्या फाडत बसलो.

मार्ग सांगितला भाईजाननं. त्यांच्या दुकानाच्या मालकाची आई अंथरुणावर होती. तिच्याकडे ठरल्या दिवशी जीप यायची, नर्स उतरायची, जखम बघायची, नळी बदलायची, सुनेला शिकवायची. सोबत मोहल्ल्यातले दोन स्वयंसेवक. फी नाही. १९९३ मध्ये कोळिकोडला काही डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरची संस्था काढली, तिथून हे पसरलं. मलप्पुरम या मुस्लिमबहुल जिल्ह्यात लोकांनी छोट्या-छोट्या वर्गणीवर ते उचललं, आणि २००८ मध्ये केरळ सरकारनं त्याचं धोरण केलं. आता पंचायती नर्स नेमतात. म्हातारी माणूस आपल्याच खाटेवर राहते, सुनेचा मणकाही राहतो. भाईजान म्हणाले, "दोन वर्षं ही जीप बघत होतो, पण आपल्या अम्मीशी जोडली नाही."

तिकडचं वेगळं, असं कुणी म्हणालं तर आपल्या स्वतंत्रपूरकडे बोट दाखवा. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ मध्ये, याच आटपाडीच्या माळावर कैद्यांना भिंतीशिवाय ठेवायचा प्रयोग झाला, त्यावर शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. माणूस कुटुंबात ठेवून सुधारतो, हे कैद्यांच्या बाबतीत आपल्या तालुक्याला नव्वद वर्षांपूर्वी सुचलं. एका नर्सचा पगार आणि एका जुन्या जीपचं डिझेल, एवढी रक्कम रमजानच्या एका महिन्यात तालुक्यात जमा होते. आणि ती जीप फक्त आपल्याच गल्लीत थांबावी असंही नाही. शेजारच्या धनगर वस्तीतल्या आजीचा मणका आणि अम्मीचा मणका एकच.

अम्मी पुण्याला गेल्या नाहीत. भाईजान आता चोवीस हजार जास्त पाठवतात, त्यासाठी त्यांनी गावातल्या घराचा वरचा मजला बांधायचं थांबवलं. दिवसाची मावशी मिळाली. रात्रीची मिळत नाही, ती अडचण अजून आहे. शुक्रवार-शनिवारची रात्र माझी. पहिल्या रात्री दोनचा गजर लावून उठले, अम्मींना वळवायला गेले तर हात कुठं घालायचा तेच कळेना. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरून आपल्या खांद्याखाली नेला. त्यांना दोन वर्षांत पाठ झालं होतं.