उणे अकरा

मार्चअखेरीला एका पतसंस्थेच्या सत्तर सभासदांना ईमेलने खातेउतारे गेले, ते उघडेचनात. प्रोग्राम माझा. "ताई, तुमच्या लॉगमध्ये तर सगळं यशस्वी दिसतंय," व्यवस्थापक फोनवर म्हणाले. खरंच दिसत होतं. सत्तरच्या सत्तर ओळी, 'यशस्वी'.

माझा पायथनमधला मुख्य प्रोग्राम उताऱ्याची पीडीएफ करायचं काम एका मदतनीस प्रोग्रामला देतो. काम आटोपून जाताना तो एक आकडा ठेवतो. शून्य असेल तर ठीक, नसेल तर काहीतरी बिनसलं. मी तपासत होते ते इतकंच, की आकडा शून्याहून मोठा आहे का. मदतनीस काम करता करताच कोसळला तर काय, हा विचार केलाच नव्हता. विंडोजवर त्याने भलत्या मेमरीला हात लावला की आकडा येतो 3221225477. शून्याहून मोठाच, त्यामुळे तिथे माझ्या चाचणीत तो बिघाड म्हणूनच धरला जायचा. मग संस्थेने सर्व्हर लिनक्सवर नेला. तिथे याच अपघाताला 11 क्रमांकाचा सिग्नल येतो आणि पायथन तो उणे अकरा असा कळवतो. उणे अकरा शून्याहून लहान, म्हणून 'यशस्वी', आणि अर्धवट फाइल रवाना! तोच मदतनीस शेल स्क्रिप्टमधून चालवला असता तर 139 दिसलं असतं, म्हणजे 128 अधिक 11. (कोसळण्याचं कारण एका फाँटमध्ये निघालं, ते असो.)

विंडोज 7 च्या काळात निराळंच दुखणं होतं. मदतनीस कोसळला की पडद्यावर खिडकी यायची, आणि कुणी बटण दाबेपर्यंत मुख्य प्रोग्राम ताटकळायचा. रात्री दोन वाजता कुलूपबंद खोलीत बटण दाबणार कोण?

'सिस्टिमच वेगळी, आम्ही काय करणार' ही आमच्या धंद्यातली लाडकी सबब मला पटत नाही. काम झालं, जमलं नाही, की मदतनीसच कोसळला, ही तीन उत्तरं गिऱ्हाइकाला कुठल्याही संगणकावर एकाच शब्दांत मिळायला हवीत. आकड्यांचा हा घोळ निस्तरणं आमचं काम. तेही पुरतं निस्तरत नाही. विंडोजवर टास्क मॅनेजरमधून मदतनीस बंद पाडला तर आकडा येतो 1, साध्या चुकीचाही बहुधा तोच. म्हणून मी आता आकड्यावर न थांबता पीडीएफ उघडून पानं मोजते.

दुरुस्ती एका ओळीची होती. सत्तर जणांना फोन करायला दोन दिवस लागले.